सवलतीसाठी पूर्ण तिकीट

खुलताबादहून संभाजीनगरला निघालेली एसटी. माझ्या पुढच्या बाकावर काका-काकू. कंडक्टर मशीन घेऊन आला आणि एका बाकाच्या अंतरात चार तऱ्हेची तिकिटं निघाली. काकूंचं अर्धं. पलीकडच्या पागोटेवाल्या आजोबांनी आधार कार्ड पुढे केलं, त्यांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट पडलं. दारापाशी उभ्या असलेल्या मुलीने पास दाखवला. आणि काका, ज्यांचा एक डोळा बाभळीच्या काट्याने कायमचा गेलाय आणि मोटरसायकलवरून पडून मोडलेला पाय वाकडाच जुळलाय, त्यांनी पूर्ण पैसे मोजले. वय अठ्ठावन्न, म्हणून ज्येष्ठ नाहीत. पुरुष, म्हणून अर्धं तिकीट नाही. आणि दिव्यांग आहेत हे बसमधल्या सगळ्यांना दिसत होतं, पण कागदावर नव्हतं. तो कागद आणायलाच ते निघाले होते.

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण इतक्या सहज तोंडावर आणतो, की ते सहा महिने नेमके जातात कुठे हे विचारायचं राहून जातं. काकांच्या निमित्ताने मी ते मोजले. कोणत्या टेबलावर किती दिवस गेले, कोणते दिवस टेबलावर गेलेच नाहीत, आणि कोणते दिवस कायद्याच्या लेखी उगवलेच नाहीत, हे लिहून काढलं. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त निघाला.

आधी त्या शून्याच्या तिकिटाबद्दल. पैसेच घ्यायचे नाहीत तर तिकीट कशाला, असं वाटतं. पण एसटीची सवलत एसटी स्वतःच्या खिशातून देत नाही. समाजातल्या तीसेक घटकांना ती प्रवासात सूट देते आणि तेवढ्या रकमेची प्रतिपूर्ती राज्य सरकारकडे मागते. मशीनमधून निघालेलं प्रत्येक सवलतीचं तिकीट, मग ते शून्याचं का असेना, म्हणजे त्या मागणीची एक ओळ. म्हणून कंडक्टर आजोबांना तिकीट दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि म्हणूनच ‘हा माणूस सवलतीला पात्र आहे’ याचा पुरावा एसटीला लागतो. काकांच्या डोळ्याकडे बघून कंडक्टर हळहळेल, पण हळहळ हिशेबात धरता येत नाही.

आता बाकावरच्या त्या चार तिकिटांकडे पुन्हा बघू. सवलत मिळायला वेळ का लागतो याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ ला सुरू झाली. त्या दिवशी काकू बसमध्ये चढल्या आणि त्यांना अर्धं तिकीट मिळालं. अर्ज नाही, फोटो नाही, रांग नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास देणारी अमृत ज्येष्ठ नागरिक योजना ऑगस्ट २०२२ मधली. तिच्यासाठी फक्त वय सिद्ध करावं लागतं आणि ते आधीच खिशात असलेल्या कार्डावर छापलेलं असतं. पासष्ट ते पंचाहत्तरमधल्यांच्या अर्ध्या तिकिटाचंही तेच. मुलीच्या पासाला शाळेचा कागद लागतो, पण शाळेला ती मुलगी माहीत असते.

काकांची गोष्ट वेगळी. दिव्यांगत्व आहे की नाही, आणि असलं तर किती टक्के, हे कुणीतरी तपासून ठरवावं लागतं. जिथे नुसतं बघून कळतं तिथे उशीर होत नाही. जिथे ठरवावं लागतं तिथे ठरवणारा माणूस लागतो, आणि माणसं मोजकी असतात.

यावरून मला २०२४ चा जुलै आठवतो. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जूनला निघाला आणि उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र यांसाठी राज्यभर सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. तहसीलदारांच्या सह्या त्या वेगाने होणं शक्यच नव्हतं. सरकारने चार-पाच दिवसांतच अट बदलली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल. टेबलावरचा वेग वाढवून रांग हटली नसती. कागदच मागायचा बंद केला, तेव्हा ती हटली. एसटीलाही हा धडा दुसऱ्या वाटेने मिळालाय. ज्येष्ठांनी स्मार्ट कार्ड काढलंच पाहिजे असं एकदा ठरलं, मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, मध्ये करोना, आणि अखेर साधं आधार कार्डच कामाला आलं. २०२५ च्या जूनमध्ये विद्यार्थ्यांचे पास थेट शाळेत देण्याची मोहीम एसटीने राबवली, तीही याच जातीची. माझं मत विचाराल तर सवलतीची खरी सुधारणा हीच. बाकी पोर्टलं, अ‍ॅप, हेल्पलाइन हे सगळं रांगेला सावली करून देण्यासारखं.

पण दिव्यांगत्वाचा कागद मागायचा बंद करता येत नाही. तेव्हा तो कसा मिळतो ते नीट बघू.

एसटीचा नियम असा, की चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर साध्या गाडीत भाड्यात पंचाहत्तर टक्के सूट. शंभराचं तिकीट पंचवीसला. पासष्ट टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या मदतनिसालाही अर्धं तिकीट. पुरावा म्हणून आता सगळीकडे यूडीआयडी चालतं, म्हणजे केंद्र सरकारचं वैश्विक ओळखपत्र. पूर्वी हाताने लिहिलेली प्रमाणपत्रं असत, मग संगणकावरची आली. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त यूडीआयडीच्या पोर्टलवरूनच द्यायचं, असं केंद्राने ठरवलं.

पोर्टलवर नोंदणी कुणालाही घरबसल्या करता येते आणि ती फुकट आहे. पण ‘घरबसल्या’ म्हणजे गावातल्या संगणकवाल्याकडे बसल्या, हे आपल्याला माहीत आहे. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा. जिल्हा आणि रुग्णालय निवडायचं. शेवटी एक नोंदणी क्रमांक मिळतो.

काकांचे पहिले तीन आठवडे या क्रमांकाआधीच गेले. त्यांचं नाव ज्ञानेश्वर. मराठीत या नावाला एकच रूप आहे, रोमन लिपीत तीन तरी. आधारवर एक स्पेलिंग, बँकेच्या पासबुकावर दुसरं, आणि केंद्रातल्या पोराने स्वतःच्या अक्कलहुशारीने टाइप केलेलं तिसरं. अर्ज अडला. आमच्याकडे गावांच्या नावांचाही घोळ आहे. जुने लोक खुलताबादला अजून रौजा म्हणतात. जिल्हा काकांच्या निम्म्या कागदांवर औरंगाबाद, निम्म्यांवर छत्रपती संभाजीनगर. जिल्ह्याचं नाव बदलल्याची अधिसूचना सप्टेंबर २०२३ ची आहे आणि त्यामुळे आधीचे दाखले बाद होत नाहीत. पण खिडकीवरच्या माणसाला हे पटवून देण्यात एखादी दुपार जाऊ शकते. आधारवर आहे तसंच, अक्षरही न बदलता, सगळीकडे नाव लिहायचं, एवढं एक पथ्य पाळलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते. मी स्वतः शेजारी बसलो होतो आणि स्क्रीनकडे लक्ष दिलं नाही, हेही सांगून टाकतो.

नोंदणी झाली. आता रुग्णालय.

खुलताबादकडून शहराकडे जाताना दौलताबादला दिल्ली दरवाजा लागतो. किल्ल्याच्या तटातली ती कमान. तिच्यात जो कधी अडकलाय त्याला पुढचं समजावून सांगायची गरज नाही. श्रावणी शनिवारी भद्रा मारुतीला निघालेली गर्दी असो नाहीतर सुट्टीच्या दिवशी वेरूळचे पर्यटक, अलीकडे गाड्यांची रांग, पलीकडे रांग, आणि कमानीतून एका वेळी एखाद-दुसरी गाडी. रांगेतला प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, पुढच्याला शिव्या देतो. पण पुढचा हळू चालवतोय म्हणून गाडी थांबलेली नसते. कमान तेवढीच आहे म्हणून थांबलेली असते. रस्ता अलीकडे चौपदरी करा की आठपदरी, कमान रुंदावत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राची कमान म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर. डोळ्याचं नेत्रतज्ज्ञाने, हाडाचं अस्थिरोगतज्ज्ञाने, कानाचं श्रवणचाचणी करून, बौद्धिक अक्षमतेचं मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यांक काढून ठरवायचं. हेच डॉक्टर सकाळी बाह्यरुग्ण विभाग बघतात, शस्त्रक्रिया करतात, कोर्टात साक्षीला जातात. म्हणून दिव्यांग तपासणीला आठवड्यातला ठरावीक वार असतो. तो वार सुट्टीचा आला की आठवडा गेला, आणि डॉक्टर रजेवर असले की आणखी एक. त्यात १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडित असे तोवर बाहेर राहिलेले लोक आत आले. कायदा म्हणून हे उत्तमच झालं. अलीकडचा रस्ता मात्र रुंद झाला आणि कमान तिथेच राहिली.

काकांची पहिली फेरी वार चुकल्याने फुकट गेली. दुसऱ्या फेरीत एका सरकारी रुग्णालयात डोळ्यांची तपासणी झाली आणि निकाल आला तीस टक्के. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा शाबूत असेल तर केंद्राच्या मोजमापात तीसच टक्के धरतात. डॉक्टरांनी कमी लावले, पैसे दिले असते तर वाढवून दिले असते, वगैरे बसस्थानकावरच्या चर्चांत काही अर्थ नव्हता. तक्ताच तसा आहे. पण चाळीसला दहा कमी म्हणजे एसटीची सवलत नाही. २०२४ च्या दुरुस्त नियमांनी यूडीआयडी कार्डाला रंग दिलेत. चाळीसच्या आत पांढरा, चाळीस ते एकोणऐंशी पिवळा, ऐंशी आणि वर निळा. काकांना पांढरं मिळणार होतं. ते म्हणाले, “रेशनचं पण पांढरंच असतं ना, ज्याच्यावर काही मिळत नाही?”

इथे बहुतेक लोक थांबतात. नामंजूर झालं म्हणून कागद घरी नेतात आणि कोनाड्यात ठेवून देतात. आम्हीही थांबलो असतो. केसपेपर काढायच्या खिडकीवर एका सिस्टरने काकांना लंगडताना पाहिलं आणि विचारलं, “काका, पायाचं दाखवलं का?” काकांनी पायाचं दाखवलंच नव्हतं. अर्जात फक्त डोळा लिहिला होता. पाय मोडलेला ही त्यांच्या लेखी तक्रार नव्हती, नशिबाचा भाग होता.

एकाहून अधिक दिव्यांगत्व असेल तर टक्के कसे मोजतात हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून सावकाश सांगतो. तीस आणि वीस म्हणजे पन्नास, अशी सरळ बेरीज होत नाही. जास्तीचा टक्का आधी घ्यायचा. तो नव्वदातून वजा करायचा. येणाऱ्या बाकीला कमीच्या टक्क्याने गुणायचं आणि नव्वदाने भागायचं. जे येईल ते जास्तीच्या टक्क्यात मिळवायचं. काकांच्या पायाचे वीस टक्के निघाले. नव्वदातून तीस गेले, राहिले साठ. साठ गुणिले वीस, बाराशे. भागिले नव्वद, तेरा पूर्णांक तेहेतीस. तीस अधिक तेरा, त्रेचाळीसच्या वर. डोळा एकटा चाळीस गाठत नव्हता, पाय एकटा गाठत नव्हता, दोघांनी मिळून गाठले.

मात्र त्यासाठी दोन कमानी ओलांडायच्या. अर्जात दुरुस्ती करून पाय जोडायचा. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं, त्यांनी सांगितल्यावर क्ष-किरण फोटो काढायचा, तो घेऊन पुन्हा त्यांच्याकडे. आणि दोन्ही निष्कर्ष एकत्र करणारं मंडळ बसेल त्या दिवशी हजर राहायचं. त्यातल्या एका फेरीत अस्थिरोगतज्ज्ञ शिबिराला गेलेले निघाले. मंडळाचा निर्णय झाल्यावर संगणकावर नोंद, वरिष्ठांची डिजिटल मंजुरी, मग प्रमाणपत्र, आणि मग छापलेलं कार्ड टपालाने घरी. खिडकीवरच्या एकाही माणसाने आम्हाला वाईट वागवलं नाही, पैसेही मागितले नाहीत. तरी सहा फेऱ्या झाल्या. वाईट माणूस शोधायची आपल्याला फार सवय आहे. तो सापडला की मन मोकळं होतं. पण इथे तो नव्हता, आणि उशीर मात्र होता.

आता घड्याळाची गोष्ट. या सगळ्याला कायद्यात मुदत आहे. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र द्यायला एक महिना होता, २०२४ च्या दुरुस्तीने तो तीन महिने झाला. म्हणजे उशीर कमी करण्याऐवजी त्याच्यासाठी जागा करून दिली, असं मी म्हणतो. याउलट, एका महिन्याचा नियम कुणी पाळतच नव्हतं, निदान आता पाळता येण्यासारखा झाला, असंही कुणी म्हणेल, आणि त्याचं सगळं चूक नाही. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी द्यायचं आणि त्यावर नव्वद दिवसांत अपील करता येतं, हे कायम आहे. दुरुस्त नियमांत आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे लक्ष असू द्या. दोन वर्षं निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि पुन्हा हलवावा लागतो. पोर्टलवर ‘प्रलंबित’ दिसतंय म्हणून निवांत बसून राहणाऱ्याचं यात नुकसान आहे.

पण माझ्या मोजणीत जे दिवस गेले त्यातले बरेच या तीन महिन्यांच्या आधीचे होते. नावाचं स्पेलिंग जुळेपर्यंतचे, वार कळेपर्यंतचे, पाय सुचेपर्यंतचे. ते कुठल्याच मुदतीत मोजले जात नाहीत.

हे फक्त रुग्णालयाचं नाही. जून आला की तालुक्यात फी सवलत आणि शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्यांची घाई होते. तिथे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. त्या वर्षी २८ एप्रिलला आधी अध्यादेश निघाला, पुढे कायदा झाला. प्रत्येक कार्यालयाने कोणती सेवा किती दिवसांत, किती शुल्कात, कोण देणार हे फलकावर लावायचं. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस. ते पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? सगळ्या कागदांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. सगळी मेख ‘परिपूर्ण’ या शब्दात आहे.

एक दाखला डोळ्यांपुढे आणा. त्यासाठी तलाठ्याचा, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, उत्पन्नाचा अहवाल लागतो. तो मिळाल्याशिवाय अर्जच परिपूर्ण होत नाही. तलाठी तीन-चार गावं सांभाळतो. अतिवृष्टी झाली की पंचनाम्याला, निवडणूक आली की मतदार यादीला, उरूस किंवा श्रावणी शनिवार असला की बंदोबस्ताच्या कामाला. त्याच्या सहीसाठी गेलेले आठ दिवस पंधरात धरले जात नाहीत. अहवाल घेऊन सेतूत गेलात, ऑपरेटरने माहिती भरली आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, शुल्क संध्याकाळी भरतो’ म्हणून तुम्हाला घरी पाठवलं. शुल्क भरलं जाईपर्यंत तो अर्ज सरकारच्या लेखी जन्मलेलाच नसतो. तुम्ही मनात दिवस मोजताय, घड्याळ बंद आहे. मग अर्ज कारकुनाच्या लॉगिनला जातो, त्याला रेशनकार्डाची मागची बाजू जोडलेली दिसत नाही, तो त्रुटी काढून परत पाठवतो. निरोप सेतूच्या ऑपरेटरच्या स्क्रीनवर येतो, तुमच्या कानावर येत नाही. तुम्ही चौदाव्या दिवशी विचारायला जाता तेव्हा कळतं की अर्ज अकरा दिवसांपूर्वीच परत आलाय. पुन्हा पाठवल्यावर मोजणी नव्याने. कागदोपत्री कार्यालयाने दाखला मुदतीत दिलेला असतो आणि तुमच्या घरी तो दीड महिन्याने आलेला असतो. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून मी गावात कुणी विचारलं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, पोच घ्या. ‘काम होऊन जाईल’ हे वाक्य पोच नव्हे. अर्ज क्रमांक, मिळाल्याची तारीख आणि मुदत लिहिलेली पावती, तिला पोच म्हणतात, आणि ती देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या पावतीवर घड्याळ सुरू होतं. हाताने दिलेला कागद असेल तर टपाल बारनिशीत, म्हणजे टपालाच्या नोंदवहीत, त्याचा आवक क्रमांक पडला का ते बघा आणि आपल्या प्रतीवर तो तारखेसह मारून घ्या. पावती मिळाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा स्थिती बघायची. त्रुटी असेल तर ती तेव्हाच निघते. आणि त्रुटी तोंडी ऐकून घ्यायची नाही, लेखी मागायची, सगळ्या एकदम. आज एक, उद्या दुसरी, परवा तिसरी, असा हप्त्याहप्त्याने त्रुटींचा रतीब लावायला मग जागा उरत नाही.

मुदत उलटली किंवा नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील. तहसीलदारांच्या दाखल्याचं ते उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातं. त्यावर दुसरं अपील, आणि त्याही पुढे राज्य लोकसेवा हक्क आयोग. कारण नसताना सेवा अडवली असं अपिलात दिसलं तर जबाबदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम हास्यास्पद वाटेल, पण ती स्वतःच्या पगारातून जाते. नेमक्या कोणाच्या टेबलावर काम थांबलं हे त्यानिमित्ताने लिहिलं जातं, आणि सरकारी नोकरीत रकमेपेक्षा हे लिहिलं जाणं जास्त झोंबतं. अपील म्हणजे भांडण, असं आपल्याकडे वाटतं. ज्या साहेबांकडे उद्या पुन्हा जायचंय त्यांच्याविरुद्ध कसं जायचं? गावातला हा संकोच मला कळतो. त्यावर माझा तोडगा मवाळ आहे. मुदत संपायच्या दोन दिवस आधी पावती घेऊन जायचं आणि फलकावरच्या ओळीवर बोट ठेवून विचारायचं, “साहेब, परवा पंधरा दिवस होतात ना?” बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

आता रेल्वेबद्दल, कारण कार्ड मिळाल्यावर काकांनी पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारला. तिचं वेगळं आहे. यूडीआयडी आहे म्हणून रेल्वेची सवलत आपोआप मिळत नाही. रेल्वे टक्के बघत नाही, प्रकार बघते. सोबत्याशिवाय प्रवास करूच न शकणारे अस्थिव्यंग, दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध, बौद्धिक अक्षमता असलेले, पूर्ण मूकबधिर. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रेल्वेचं वेगळं ओळखपत्र. आपलं स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं, म्हणजे संभाजीनगरच्या माणसाची फाइल नांदेडला. काका एका डोळ्याने बघतात आणि काठी घेऊन एकटे चालतात, तेव्हा ते यात बसत नाहीत. “मग पंढरपूरला एसटीनेच,” म्हणाले आणि विषय संपला.

कार्ड आल्यावरची पहिली फेरी मला बघायची होती, म्हणून मी मुद्दाम सोबत गेलो. पिवळी पट्टी असलेलं कार्ड काकांनी कंडक्टरपुढे धरलं. त्याने टक्क्यांच्या आकड्यावर नजर टाकली, मशीनवर दोन बटणं दाबली आणि पाव तिकीट काढून दिलं. शेजारी काकूंचं अर्धं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण काकूंपेक्षा कमी पैशात काकांनी प्रवास केल्याची ही पहिलीच वेळ असावी.

दौलताबादच्या अलीकडे गाडी रांगेत थांबली तेव्हा काकांनी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. सहाही फेऱ्यांची पूर्ण तिकिटं त्यांनी जपून ठेवली होती. बोटांवर मोजत त्यांनी हिशेब केला. एका फेरीत पाऊण तिकीट वाचतं, सहा पूर्ण फेऱ्यांचे पैसे गेलेत, म्हणजे आठ फेऱ्या झाल्या की फिटलं.

“आणि मी दर वेळी तुमच्यासोबत आले ती अर्धी तिकिटं?” काकू खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या. “ती कोण धरणार?”

काकांनी पुन्हा बोटांवर मोजलं. “मग बारा,” म्हणाले.